खच्ची केलेल्या पाळीव सशाची निगा व त्याची शौचाची संवय

या मासिकाच्या पानांवर बहुधा बैल, म्हैस, खतें व बीं-बियाणें यांविषयींच लिहिलें जातें. तेव्हां सशासारख्या चिमुकल्या जनावरावरील हा लेख पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु अलीकडे खेड्यापाड्यांतील घरांतही मुलांच्या हौसेखातर पांढरे ससे पाळले जातात, आणि त्यांची जोडी घरांत आली म्हणजे वर्षभरांत काय प्रकार होतो हें ज्यानें पाहिलें आहे, त्यास या विषयाची गरज निराळी सांगावयास नको. मादी सुमारें ३१ दिवसांत विते व व्याल्यावर लगेच पुन्हां गाभण राहूं शकते. आमच्या घरीं नातीसाठीं आणलेल्या दोन माद्यांपैकीं एक मादी नव्हतीच, हें आम्हांस पिलें दिसल्यावर कळलें. मीं तीस वर्षें उताऱ्यांवरील नोंदी तपासण्यांत घालविलीं. पण ही नोंद मात्र विकणाऱ्याच्या शब्दावर घेतली.

आपल्या शिवारांत बांधाआड दिसणारा रानससा हा निराळा प्राणी आहे. त्यास १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) कायद्याचें संरक्षण असल्यामुळें तो पकडून घरीं ठेवणें गुन्हा होय. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडील, बिळें करून कळपानें राहणारा. आपल्या वस्तीच्या हद्दींत ठराविक ठिकाणीं लेंड्या टाकून तो खूण करितो. आपण शिवेवर दगड रोवतों त्यांतलाच हा प्रकार. नर वयांत आला कीं घरभर लेंड्या टाकूं लागतो व भिंतीवर, प्रसंगीं माणसाच्या पायांवरही, मूत्र उडवितो. हा घाणेरडेपणा नव्हे. तो त्या जागेवर आपला हक्क सांगत असतो. खच्ची केल्यावर हा आवेश ओसरतो व पेटीची संवय लावणें सोपें होतें. मादीच्या बाबतींत आणखी एक मोठें कारण आहे. गर्भाशय न काढलेल्या माद्यांत वय वाढेल तसा तेथील कर्करोग फार आढळतो.

नराची शस्त्रक्रिया चौथ्या महिन्याच्या सुमारास व मादीची पांचव्या-सहाव्या महिन्यांत करितात. मादीचें पोट उघडावें लागतें, म्हणून तिला अधिक जपावें. सशास उष्मा सोसत नाहीं. सबब एप्रिल-मे टाळून थंडीचे दिवस पाहावे. वैद्य मात्र ससे हाताळणारा असावा, कारण गुराढोरांच्या उत्तम वैद्यासही सशास भूल देण्याचा अनुभव असतोच असें नाहीं.

येथें माझ्या हातून झालेली चूक सांगतों. माणसाच्या शस्त्रक्रियेपूर्वीं उपाशी ठेवतात, म्हणून मीं आदल्या रात्रींच सशापुढील गवत काढून घेतलें. सकाळीं वैद्यांनीं हें ऐकतांच कपाळास हात लाविला. ससा ओकूं शकत नाहीं, तेव्हां त्यास उपाशी ठेवण्याचें कांहीं कारण नसतें. उलट त्याचें आंतडें सतत चालूं राहिलें पाहिजे. त्यांनीं प्रथम त्यास कोथिंबीर व गवत खाऊं घातलें आणि दुपारीं शस्त्रक्रिया केली. सायंकाळीं घरीं आणल्यावर ससा कोपऱ्यांत अंग चोरून, डोळे अर्धवट मिटून बसला व दांत करकर वाजवूं लागला. आमचा खोंड चिमट्यानें खच्ची केला तेव्हां त्याच सायंकाळीं त्यानें वैरणीस तोंड लाविलें होतें. त्या अनुभवावर मी म्हटलें, "याला निजूं द्या, उद्यां खाईल." पहाटे नातीनें टब पाहून मला हलविलें. "आजोबा, रात्रभर एकसुद्धां लेंडी नाहीं हो!" मीं फोन केला, तेव्हां वैद्य म्हणाले, "आतांच्या आतां निघा." वेदनाशामक औषध टोंचून त्यांनीं भिजविलेल्या खाद्याची पातळ पेज बिनसुईच्या पिचकारीनें, तोंडाच्या बाजूनें, थोडी थोडी पाजली. दुपारीं चार-दोन बारीक कोरड्या लेंड्या पडल्या, तेव्हां घरांत सण झाल्यासारखें वाटलें.

म्हणून शस्त्रक्रियेनंतर टांक्यांपेक्षां टबाकडे अधिक पाहावें. दहा-बारा तास खाणें व लेंड्या बंद राहिल्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये. पोट नगाऱ्यासारखें ताणलेलें असेल तर घरीं कांहीं पाजूं नये. थेट वैद्याकडे न्यावें. घरांतील माणसांच्या गोळ्या देऊं नयेत. विशेषतः अमॉक्सिसिलिनसारखें औषध तोंडावाटें दिल्यास सशाच्या आंतड्यांतील उपयुक्त जंतु मरून तो दगावूं शकतो.

जखम सकाळ-सायंकाळ पाहावी. थोडी सूज चालते. पू, दुर्गंधी किंवा सुटलेला टांका दिसल्यास दाखवावें. हळद, राख, तेल असें कांहीं लावूं नये, कारण ससा तें चाटतो. गळ्यांत पुठ्ठ्याची पट्टी घालण्याची कित्येकांस घाई असते. परंतु ससा आपल्या मऊ लेंड्या गुदद्वारापासूनच उचलून पुन्हां खातो, त्यांतून त्यास पोषण मिळतें, आणि पट्टीमुळें तें बंद पडतें. वैद्यानें सांगितल्याखेरीज ती नको. माश्या बसूं देऊं नयेत. ओल्या मागल्या अंगावर त्यांनीं अंडीं घातल्यास एका दिवसांत अळ्या पडतात.

आतां पेटीविषयीं. प्रथम आम्हीं आंब्याचें लांकडी खोकें ठेविलें. लांकूड मूत्र पिऊन असें दरवळलें कीं तें जाळावें लागलें. ससा अंग पसरून बसेल एवढा प्लॅस्टिकचा टब घ्यावा व जो कोपरा त्यानें आपण होऊन निवडला असेल तेथेंच ठेवावा. पहिले आठ-दहा दिवस तळाशीं केवळ वर्तमानपत्र घालावें. भुसा टांक्यांस चिकटतो. पोट दुखत असल्यानें ससा या दिवसांत उंच कडा चढत नाहीं व बाहेरच बसतो. याचा अर्थ तो संवय विसरला असा नव्हे. टबाची एक बाजू कापून ठेंगणी करावी. एका टोकास वाळलेलें गवत ठेवावें, कारण खातां खातां विसर्जन करण्याचा त्याचा स्वभाव आहे. बाहेरच्या लेंड्या व ओला कागद उचलून टबांत टाकावा, बाहेरची जागा शिरक्याच्या पाण्यानें पुसावी, आणि टब धुतांना मूठभर जुन्या लेंड्या परत ठेवाव्या. मारूं नये, ओरडूं नये. ससा त्यामुळें शिकत नाहीं, भितो मात्र. आरंभीं एकच खोली मोकळी ठेवून पुढें जागा वाढवावी. मूत्र कधीं तांबूस दिसतें, तें बहुधा वनस्पतींच्या रंगानें; पण कुंथत असेल तर दुर्लक्ष करूं नये.

संवय पक्की व्हावयास चार-सहा आठवडे लागतात. तितकेच दिवस नरास मादीपासून दूर ठेवावें, कारण खच्ची केल्यावरही कांहीं आठवडे त्याच्याकडून गर्भ राहूं शकतो. पुढें त्याचें वजन वाढूं लागतें; धान्य बंद करावें, लसूणघास क्वचित् द्यावा, आणि वाळलेलें गवत मात्र हवें तितकें. आमचा ससा आतां टबाबाहेर दिवसाकांठीं दोन-चार लेंड्याच टाकतो. टबांतील लेंड्या आम्ही वांग्यांच्या बुडाशीं घालतों. त्या कुजविण्याची गरज पडत नाहीं, आणि ओला कागद उकिरड्यावर जातो.