दोन महिन्यांचे संशोधक

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, १९७९ मध्ये एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी शॉर्ट टर्म स्टुडंटशिप नावाची एक छोटी योजना सुरू केली. महाविद्यालयांत तिला सगळे एसटीएस म्हणतात. विद्यार्थ्याने एक प्रश्न निवडायचा, आपल्याच महाविद्यालयातला एक शिक्षक गाईड म्हणून घ्यायचा, दोन महिने काम करायचे आणि अहवाल पाठवायचा. अहवाल मान्य झाला तरच प्रमाणपत्र आणि विद्यावेतन. हा आराखडा आजवर फारसा बदललेला नाही.

तो काळही तसाच होता. आपले वैद्यकीय शिक्षण शहरी रुग्णालयांभोवती फिरते आहे, हे १९७५ मध्ये श्रीवास्तव समितीने सांगितले होते. १९७७ च्या ‘रोम’ योजनेने वैद्यकीय महाविद्यालयांना ग्रामीण आरोग्य केंद्रांशी जोडायचे ठरवले आणि पुढच्याच वर्षी प्राथमिक आरोग्य सेवेवरची आल्मा-आटाची परिषद झाली. एसटीएस सगळ्याच विषयांना खुली होती, प्रयोगशाळेतल्या कामालाही. पण तिचा खरा उपयोग करून घेतला तो पीएसएम विभागांनी, म्हणजे आजच्या कम्युनिटी मेडिसिनने. महागडी यंत्रे नसलेल्या महाविद्यालयातही प्रश्नावली, वजनकाटा, मोजपट्टी आणि पायी फिरायची तयारी एवढ्यावर चांगला अभ्यास उभा राहू शकत होता.

सेवाग्रामला याची जमीन आधीच तयार झाली होती. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये तिथे वैद्यकीय महाविद्यालय काढले. तिथली प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, विद्यार्थी त्या गावात शिबिराला मुक्काम करतात, प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबे येतात आणि पुढेही त्यांच्याकडे येणे-जाणे राहते. दोन महिन्यांच्या प्रकल्पात ही ओळख कधीच होत नाही. मला सेवाग्रामची पद्धत अधिक मोलाची वाटते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये कुटुंब दत्तक कार्यक्रम देशभरच्या अभ्यासक्रमात आणला, पण त्यासाठी पन्नासेक वर्षे जावी लागली.

जुन्या काळातले काम हाताचे होते. हिमोग्लोबिन साहलीच्या नळीत रंग जुळवून बघायचे, माहिती मास्टर चार्टवर उतरवायची, उभ्या-आडव्या रेघा मारून मोजणी करायची आणि काय-स्क्वेअर कॅल्क्युलेटरवर काढायचा. कुटुंबाची आर्थिक पातळी गावात प्रसाद यांच्या वर्गीकरणाने आणि शहरात कुप्पुस्वामी यांच्या मापाने. नमुना किती घ्यायचा, तर चार पीक्यू भागिले एलचा वर्ग. प्रमाण ५० टक्के आणि चूक ५ टक्के धरली की उत्तर ४०० येते. कितीतरी अहवालांत हा ४०० चा आकडा दिसतो, तो यामुळे.

गाईडचे काम मात्र सूत्र शिकवण्याच्या फार पुढचे असते. दुसऱ्या वर्षाचा मुलगा ‘ग्रामीण भागातील कुपोषण’ असा विषय घेऊन येतो. चांगला शिक्षक त्याला विचारतो, कुठल्या गावातले, कुठल्या वयाचे, कोणाला विचारून कळणार? तासाभराच्या बोलण्यातून विषय एवढासा होतो: या अंगणवाडीतल्या एक ते तीन वर्षांच्या मुलांना दिवसातून किती वेळा आणि काय खायला मिळते? एवढे दोन महिन्यांत खरोखर शोधता येते.

दुसरे उदाहरण तंबाखूचे. प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात २०१६-१७ मध्ये महाराष्ट्राचे प्रमाण २६.६ टक्के निघाले. आता एखाद्या विद्यार्थिनीने घरातल्या बाईला ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले, तर ‘नाही’ हेच उत्तर मिळण्याची शक्यता मोठी, आणि कोनाड्यात मिश्रीची डबी असू शकते. बाई खोटे बोलत नसते. दात घासायची मिश्री तिच्या लेखी तंबाखूत मोडतच नाही. मिश्रीचा प्रश्न वेगळा विचारायला हवा, हे गावात वर्षानुवर्षे फिरलेल्या शिक्षकाला ठाऊक असते. त्याने ते वेळेवर सांगितले नाही, तर ४०० घरांची माहिती चुकीची जमते आणि कुठलीही संख्याशास्त्रीय चाचणी ती दुरुस्त करू शकत नाही.

पुढच्या टप्प्यात शिस्त आली. आयसीएमआरच्या २००६ आणि २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनंतर एथिक्स कमिटीची मंजुरी आणि मराठीतले संमतीपत्र यांना बगल देणे अवघड झाले. कमिटीच्या बैठकीची वाट बघण्यात दिवस जातात अशी विद्यार्थ्यांची तक्रार असते. तरीही ही शिस्त मला हवी वाटते, कारण ज्याच्या घरात आपण वही घेऊन शिरतो त्याला ‘नको’ म्हणता आलेच पाहिजे. महाराष्ट्रात २००६ पासून ‘आविष्कार’ हे आंतरविद्यापीठ संशोधन संमेलन सुरू झाले आणि पदवीच्या मुलांना मांडणीसाठी व्यासपीठ मिळाले. एसटीएसचे विद्यावेतनही वाढत एकूण ५० हजार रुपयांवर आले.

त्याबरोबर घाईही आली. वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुगल फॉर्म टाकायचा आणि मोबाइलचे व्यसन किंवा परीक्षेचा ताण मोजायचा, असे अभ्यास आता भरपूर होतात. त्यांत घर नाही, उंबरा नाही, आशाताईंची सोबत नाही. दोष एकट्या मुलांचा नाही. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांतून एकही शोधनिबंध आला नाही, असे डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. जिथे शिक्षकच संशोधन करत नाहीत, तिथे विद्यार्थ्याने कोणाकडे बघून शिकायचे? त्याआधीच्या वर्षी, २०१५ मध्ये, मेडिकल कौन्सिलने शिक्षकांच्या बढतीसाठी पहिल्या दोन लेखकांनाच श्रेय द्यायचे ठरवले. अशा नियमाने उन्हातान्हात फिरलेल्या मुलीचे नाव यादीत खाली ढकलण्याचा मोह वाढतो, आणि हा अन्याय मला फार मोठा वाटतो.

या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एक गोष्ट जवळपास राहूनच गेली. अहवाल दिल्लीला जातो, प्रत ग्रंथालयात राहते, जमले तर निबंध छापला जातो. ज्या घरांतून माहिती आली त्यांना काय निघाले ते क्वचितच कळते. गाईड असलेल्या सर-मॅडमना माझी विनंती आहे: यंदाच्या प्रत्येक प्रकल्पाबरोबर विद्यार्थ्याकडून दोन पानी मराठी गोषवारा लिहून घ्या, आणि तो त्या गावच्या ग्राम आरोग्य व पोषण समितीत त्यालाच वाचायला लावा.