ब्रिजमधील पहिली उतारी

आषाढाचा पाऊस लागला म्हणजे महाडच्या औद्योगिक वसाहतीत काय किंवा पोलादपूरच्या माजघरात काय, पत्त्यांचा कॅट बाहेर निघतो. ज्यास लाडीस येते त्यास बोली व हुकूम नवे नाहीत. परंतु हॅरल्ड व्हँडरबिल्ट याने १९२५ साली घडविलेल्या काँट्रॅक्ट ब्रिजमध्ये पहिले पान डमी उघडण्यापूर्वीच टाकावे लागते. या आंधळ्या उतारीस आधार झालेल्या बोलीचाच.

समजा, प्रतिपक्षाने ‘एक बिनहुकमी’ व त्यावर ‘तीन बिनहुकमी’ अशी बोली केली. म्हणजे त्यास १३ पैकी ९ हात करावयाचे आहेत. भिडू गप्प राहिला. उतारी करणाराजवळ इस्पिकचा राजा, दश्शी, अठ्ठी, सत्ती व दुर्री आहे. इस्पिक कोणीही बोललेले नाही. तेव्हा त्याच लांब रंगातील वरून चौथे पान, म्हणजे सत्ती, उतरावी.

आता भिडूने ११ मधून ७ वजा करावे. बाकी ४, सत्तीहून वरची इतकीच पाने उरलेल्या तिघांजवळ असतात. डमीत राणी, नव्वी व तिर्री दिसते; भिडूजवळ एक्का, गुलाम व चव्वी आहे. चारही पानांचा हिशेब लागला. डाव खेळणाराजवळ त्यांतील एकही नाही. डमीतून तिर्री पडताच भिडू निर्धास्तपणे गुलामाने हात घेतो, मग एक्का खेळतो आणि चव्वी राजाकडे पोचवितो. राजामागून दश्शी व अठ्ठीही सर होतात. पाच हात गेले आणि डाव बुडाला.

भिडूने मध्येच बदाम बोलले असते, तर मात्र आपला लांब रंग बाजूस ठेवून बदाम उतरणेच बहुधा श्रेयस्कर. पाने तीच; बोली बदलली की उतारीही बदलते.