शहराची संस्कृती कोण सांभाळतं? – लेखांक ९ : वर्गणी पुरत नाही

ओव्हल मैदानाची हकीकत आज लिहीन, असं मागच्या वेळी म्हटलं होतं. ती आठवडाभर थांबू द्या. एका वाचकाचा प्रश्न आला आहे : भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिकेचं, मग त्याच्या जीर्णोद्धाराला खासगी पैसा कशाला? आणि पैसा दुसऱ्याने घातला, तर मालक कोण? प्रश्न इतका नेमका आहे की आजचा सगळा लेख त्यालाच देतो.

हे संग्रहालय उभं राहिलं ते नागरिकांच्या पुढाकाराने. डॉ. भाऊ दाजी, नाना शंकरशेट आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी ते मनावर घेतलं, शहरात वर्गणी फिरवली. १८६२ मध्ये पायाभरणी झाली. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला तेव्हा सोन्याचा भाव होता, देणारे हात सढळ होते. १८६५ मध्ये शेअरबाजार कोसळला. भाऊ दाजींचंच दिवाळं निघालं, आणि नाना त्याच वर्षी वारले. बांधकाम रखडलं. अखेर सरकारच्या पैशाने ते पुरं झालं आणि २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांसाठी उघडलं.

मला या घटनेतून एकच धडा दिसतो. तळमळ खरी होती, माणसं मोठी होती, तरी माणसं गेली, बाजार बसला आणि काम थांबलं. कारण त्यांच्यामागे काम पुढे नेणारी पक्की व्यवस्था नव्हती.

पुढे संग्रहालय पालिकेच्या ताब्यात आलं, १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं, पण वास्तूची रया जातच राहिली. मग २००३ मध्ये महापालिका, वारसा जतन करणारी संस्था इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. वाचकाच्या प्रश्नाचं उत्तर या करारात आहे. वास्तू आणि संग्रह पालिकेचेच राहिले. जीर्णोद्धाराचं ज्ञान इंटॅकने पुरवलं. प्रतिष्ठानाने पैसा दिला, मालकी घेतली नाही. कारभार पाहायला विश्वस्त मंडळ नेमलं आणि त्यात पालिकेलाही जागा ठेवली. वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली काम झालं. २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा-पुरस्कार मिळाला आणि २००८ च्या जानेवारीत संग्रहालय पुन्हा खुलं झालं.

म्हणजे जे भाऊ दाजींच्या पिढीला वर्गणीवर साधलं नाही, ते इथे कागदावर लिहिलेल्या जबाबदाऱ्यांनी साधलं. नागरी संस्थांनी देणगीदार होऊन टाळ्या घ्याव्यात, हे मला मान्य नाही. निर्णय घेणाऱ्या टेबलाशी त्यांना लेखी जागा हवी. आणि ती मिळाल्यावर नागरिकांपुढे हिशेब मांडण्याचं बंधनही त्यांच्यावर हवं. मालमत्ता सार्वजनिक असली की प्रश्न विचारायचा हक्क तुमचा-माझा असतो.

तुमच्या गावातलं पालिकेचं नाट्यगृह, वाचनालय किंवा कलादालन एखाद्या संस्थेकडे चालवायला दिलेलं असेल, तर माहितीच्या अधिकारात त्या कराराची प्रत मागवा. मुदत किती, भाडं किती, कलाकारांना राखीव तारखा किती, हे पाहा आणि मला जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात ओव्हल.