ऑफर फक्त ३१ मार्चपर्यंत

नव्या डिजिटल ऑसिलोस्कोपची जाहिरात तुम्ही पाहिलेलीच असते. चार चॅनेल, बारा बिटांचा एडीसी, सीरियल डिकोड मोफत आणि कोपऱ्यात लाल पट्टी: ‘ऑफर मर्यादित काळासाठी’. मी पुण्यात एका वितरकाकडे बरीच वर्षं ही खोकी विकली, त्यामुळे ती लाल पट्टी मला आतल्या बाजूने ठाऊक आहे. मर्यादित काळ म्हणजे पुढची ऑफर छापून येईपर्यंतचा काळ. भोसरीच्या एका लघुउद्योजकांनी शेवटच्या तारखेला, रात्री उशिरा, धावतपळत पर्चेस ऑर्डर मेल केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुदत महिनाभराने वाढली आणि वर कॅरी बॅगही फुकट जाहीर झाली. साहेबांनी फोनवर आमची यथेच्छ हजेरी घेतली; आम्ही बॅग पोचवून मिटवामिटवी केली. पुढच्या ऑफरच्या वेळी शेवटची तारीख सांगायला मी स्वतः फोन केला, तेव्हा ते नुसते हसले. नेमकी तीच ऑफर ठरल्या तारखेला बंद झाली.

या धंद्यात किमतीचा अंदाज भल्याभल्यांना आलेला नाही. १९४७ साली पोर्टलंडमधल्या टेक्ट्रॉनिक्स नावाच्या नवख्या कंपनीने आपला ५११ हा स्कोप ७९५ डॉलरला बाजारात आणला. त्या काळी या क्षेत्रातले दादा म्हणजे ॲलन ड्यूमाँट. एका प्रदर्शनात त्यांनी स्वतः बटणं फिरवून ५११ पाहिला, खूशही झाले. मग किंमत ऐकली. त्यांच्या स्वतःच्या तशाच मॉडेलच्या जवळपास दुप्पट! हे फारसं विकलं जाणं कठीण आहे, असं त्यांनी टेक्ट्रॉनिक्सच्या हॉवर्ड व्होलमना तिथल्या तिथे सांगून टाकलं. पुढे काय झालं ते जुन्या कॉलेजांच्या लॅबमध्ये कपाटावर धूळ खात पडलेल्या सीआरओंवरची, म्हणजे जुन्या स्कोपांवरची, नावं वाचली की कळतं. त्यांत ड्यूमाँट शोधून दाखवा.

उलटी गंमत ह्यूलेट आणि पॅकार्ड यांची. आजची कीसाइट ही त्यांच्याच घराण्यातली. त्यांचं पहिलं उत्पादन स्कोप नव्हतं, ऑडिओ ऑसिलेटर होतं. पण किंमत ठरवण्याची पद्धत आमच्या खात्यात अगदी शोभून दिसली असती. त्यांनी ५४ डॉलर ४० सेंट हा आकडा निवडला, कारण अमेरिकेच्या वायव्य सीमेच्या जुन्या वादात ५४ अंश ४० मिनिटांची एक गाजलेली घोषणा होती आणि आकडा कानाला बरा वाटला. एवढ्या पैशांत तो बनतच नाही, हे नंतर लक्षात आलं. वाचले कसे? सगळ्यात जवळच्या प्रतिस्पर्ध्याचं यंत्र सुमारे ४०० डॉलरचं होतं. किंमत वाढवूनही हे दोघे स्वस्तच राहिले.

खरा तमाशा सुरू झाला तो रिगोलच्या डीएस१०५२ईमुळे. पन्नास मेगाहर्ट्झचा हा चिनी स्कोप लोकांनी उघडून पाहिला, तर आत ॲनालॉग डिव्हायसेसच्या पाच चिपा. त्यांवर वेग ४० मेगासॅम्पलचा, आणि रिगोल त्या बिनदिक्कत १००ने पळवत होती. एकेका चिपेत दोन कन्व्हर्टर, दहांनी मिळून आळीपाळीने पकडलेले सेकंदाला एक अब्ज नमुने. जाहिरातीतला आकडा तिथून आला होता. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. २०१०मध्ये जगजाहीर झालं की शंभर मेगाहर्ट्झचा महागडा भाऊ डीएस११०२ई आणि हा, आतून एकच. सीरियल केबल लावायची, चार कमांड द्यायच्या, की पन्नासचा शंभर. आमच्याकडे मग विचित्र गिऱ्हाइकं येऊ लागली. शंभरचा स्कोप अर्ध्या डिस्काउंटवर दिला तरी नको म्हणायची आणि ‘तो पन्नासवालाच द्या, पण अमुक व्हर्जनचा’ असा हट्ट धरायची. खोकं उघडून लेबल तपासायची. एक इंजिनिअरिंगचा मुलगा तर सोबत केबल घेऊनच आला होता. माझे साहेब जुन्या वळणाचे, त्यांना हा प्रकार कळेना. महागडं मॉडेल गोदामात पडून, स्वस्त मॉडेलला वेटिंग. शेवटी त्यांनी महागड्याची मागणी नोंदवणंच बंद केलं आणि कंपनीचा विभागीय अधिकारी विचारायला आला, की पश्चिम महाराष्ट्राला शंभर मेगाहर्ट्झची गरज नाही का?

त्यानंतर आला डीएस१०५४झेड. चार चॅनेल, ३९९ डॉलर. त्या आकड्याने आमचा छळ मांडला होता, कारण प्रत्येक जण त्याला डॉलरच्या भावाने गुणून यायचा. वाहतूक, सीमाशुल्क आणि कर हे जणू आमच्या मनाचे खेळ. या स्कोपमध्ये डिकोड, जादा मेमरी, विशेष ट्रिगर वगैरे सगळं आत भरलेलंच असायचं, काही तास चालायचं आणि मग कुलूप. किल्ली विकत. अर्थात फुकटच्या किल्ल्याही लोकांनी बनवल्या. पुढे कंपनीने काय केलं? ते सगळे ऑप्शन ‘खास योजने’त अधिकृतपणे मोफत देऊन टाकले. चोरीला गेलेला माल भेट म्हणून जाहीर करणं याला मी तरी विक्रीकलेतला कळस मानतो.

टेक्ट्रॉनिक्सने दुसरा रस्ता धरला. त्यांच्या काही स्कोपमध्ये जादा सुविधा घेतली की नखाएवढं कार्ड मिळायचं. किंमत शेकडो डॉलर, आत एक साधी मेमरी चिप आणि तिच्यात त्या सुविधेचं नाव. २०१४मध्ये हॅकॅडे या संकेतस्थळाने ही गंमत छापली. टेक्ट्रॉनिक्सने कायदेशीर नोटीस धाडली. नोटिशीची बातमी मूळ मजकुरापेक्षा कितीतरी लांब पोचली. आमच्या ऑफिसात तर चहावाल्यापर्यंत.

लेबलांचीही एक गोष्ट आहे. एजिलंटची डीएसओ३००० मालिका रिगोल बनवून द्यायची, लेक्रॉयचे वेव्हएस सिग्लेंटकडून यायचे. धंद्यातल्या सगळ्यांना हे माहीत, फक्त पर्चेस कमिट्यांना नाही. एका कमिटीतल्या ज्येष्ठ सदस्यांनी चिनी नावाचं कोटेशन बाजूला सारलं आणि ‘आम्हाला क्वालिटी हवी’ म्हणत अमेरिकन नावाचं उचललं. मी काय बोलणार? दोन्ही कोटेशनं आमचीच होती.

डेमोचे किस्से तर काय सांगावेत. नवा दोनशे मेगाहर्ट्झचा स्कोप घेऊन एका कॉलेजात गेलो. शेजारी त्यांचा वीस मेगाहर्ट्झचा म्हातारा सीआरओ. दोघांना एकच सिग्नल दिला. म्हाताऱ्याच्या पडद्यावर सुईसारखी रेघ, आमच्यावर सुरवंट. विभागप्रमुख म्हणाले, “अहो, हा तर थरथरतोय! आमचा बघा किती स्वच्छ.” रुंद बँडविड्थमधून नॉईजही आत येतो, सर, तो सिग्नलमध्येच आहे, तुमचा दाखवत नाही इतकंच, हे मी दोन प्रकारे समजावलं. चेहऱ्यावर ढिम्म फरक नाही. मग मी मुकाट्याने मेन्यूत जाऊन बँडविड्थ लिमिट सुरू केलं. दोनशेचा स्कोप वीसचा झाला, रेघ सुईसारखी झाली. “आता कसं!” सर म्हणाले, आणि दोनशे मेगाहर्ट्झच्या पूर्ण किमतीची ऑर्डर निघाली.

तीन कोटेशनांबद्दल फार बोलत नाही. नियम तीन मागतो, तेव्हा एक आम्ही देतो आणि उरलेली दोन येतात. कुठून, ते देणाऱ्यालाही सांगायचं नसतं आणि घेणाऱ्यालाही विचारायचं नसतं. एकदा मात्र ‘आधार’ म्हणून आलेल्या कोटेशनात टायपिंगची चूक होऊन एक शून्य गळलं. सगळ्यात स्वस्त, म्हणजे एलवन, तेच ठरलं. त्या बिचाऱ्या मित्राने आयुष्यात स्कोप विकला नव्हता. त्याचं दुकान बॅटऱ्यांचं.

खरेदीचा हंगाम मार्च, हे वेगळं सांगायला नको. अनुदान परत जाण्याआधी काहीतरी घ्यायचंच असतं, आणि काहीतरी म्हणजे बहुतेकदा स्कोप, कारण तो दिसतो छान. कीसाइटनेही काही वर्षं मार्चमध्येच ‘स्कोप मंथ’ साजरा करून यंत्रं बक्षीस वाटली. त्यांचं आर्थिक वर्ष ऑक्टोबरअखेरीस संपतं, तेव्हा आमच्या अनुदानांशी त्याचा संबंध नसणार. आमच्या साहेबांना मात्र वाटायचं, अमेरिकेतसुद्धा ३१ मार्चची तीच धावपळ असते.

अशाच एका मार्चमध्ये एका कॉलेजाने पन्नास मेगाहर्ट्झचे स्कोप घेतले. कोणते ते राहू द्या. डेड स्टॉक रजिस्टरला नोंद झाली, बिल निघालं, मुलांनी सुट्टीत काय करायचं ते केलं. वर्षभराने ऑडिट आलं. ऑडिटरांनी एक स्कोप चालू करायला लावला आणि पडद्यावरचा मॉडेल नंबर रजिस्टरशी ताडून पाहिला. रजिस्टरात पन्नास, पडद्यावर शंभर. कमी भरला असता तर वसुली लावता आली असती. जास्त भरल्याचं काय करायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी शेरा मारला: पुरवठादाराने आदेशाबाहेरचा माल दिला, खुलासा घ्यावा. पत्र आमच्याकडे आलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं, मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि उत्तर सांगितलं. मी लेटरहेडवर टाइप केलं: “सदर वाढीव क्षमता प्रमोशनल योजनेअंतर्गत विनामूल्य देण्यात आली असून, ही योजना मर्यादित काळासाठी होती.”