बर्फावर फोर-व्हील गाडी : निघेल, पण थांबेल का?

दिवाळी आटोपली की पनवेलच्या ट्रॅव्हल्सवाल्यांकडे अलीकडे एक नवी चौकशी येऊ लागली आहे. पूर्वी गिऱ्हाईक गोवा, महाबळेश्वर किंवा फार तर अजमेर विचारीत असे. आता विचारते, जानेवारीत मनालीला गाडी नेणार का? बर्फ पाहायचा आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगद्याचे उद्घाटन झाल्यापासून ही हौस वाढली आहे. अंतर जवळपास दोन हजार किलोमीटर, म्हणजे भाडेही चांगले. त्यात गाडी फोर-व्हील असली तर मालकाला वाटते, आता अडचण कसली?

आमच्या परिचयाचे एक चाचा अनेक वर्षे कुवेतमध्ये गाडी चालवून परतले आहेत. त्यांचे मत असे की वाळू काय नि बर्फ काय, फोर-व्हील टाकली की सारे सारखेच. चाचांच्या हाताविषयी आम्हाला आदर आहे, पण येथे ते चुकतात. वाळूत टायरची हवा कमी करतात, वेग टिकवतात आणि मध्ये थांबत नाहीत. आपल्या कोकणातल्या चिखलातही पाय उचलला की गाडी रुतली, हे प्रत्येक चालक जाणतो. याचे कारण वाळू आणि चिखल गाडीला स्वतःच धरून ठेवतात. ॲक्सिलरेटर सोडला की गाडी आपोआप थांबते. दाबून घट्ट झालेला बर्फ मात्र काहीच धरून ठेवत नाही. तेथे वेग टिकवणारा चालक पुढच्या वळणावर सरळ दरीकडे जातो.

फोर-व्हीलचे काम इंजिनचा जोर चारही चाकांना वाटणे, एवढेच आहे. त्यामुळे गाडी निघते आणि चढ चढते. ब्रेक तर साध्या अल्टोलाही चारही चाकांना असतात. तेव्हा थांबण्याच्या बाबतीत महागडी फोर-व्हील गाडी अल्टोहून वरचढ नाही. वजन जास्त म्हणून ती लवकर थांबेल, हाही भ्रमच. ताशी ४० किलोमीटर वेगात ब्रेक लागल्यावर कोरड्या डांबरावर गाडी साधारण ९ ते १० मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर त्यासाठी सुमारे ३० मीटर लागतात आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर ६० मीटरही पुरत नाहीत. हा काचेचा थर सावलीतल्या वळणावर, पुलावर आणि पहाटे हमखास असतो, आणि तो ओल्या रस्त्यासारखाच दिसतो.

बर्फ पडू लागला की मनालीच्या वर पोलीस अनेकदा फोर-बाय-फोर गाड्यांनाच सोडतात. लोक हा सुरक्षिततेचा दाखला समजतात. वास्तविक त्याचा अर्थ इतकाच की ही गाडी चढावर अडकून इतरांची वाट अडवण्याची शक्यता कमी. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या टप्प्यात शेकडो गाड्या तासन्‌तास खोळंबल्या, आणि त्यांत फोर-व्हील गाडीलाही उडून जाता येत नव्हते.

आणखी एक घोटाळा. थार म्हटली की फोर-व्हील, असे आपण धरून चालतो. परंतु जानेवारी २०२३ पासून केवळ मागील दोन चाकांवर चालणारी थारही बाजारात आली. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने दुसरा लिव्हर आहे की नाही हे आधी पाहावे. ज्या गाडीत तो लिव्हर हाताने टाकावा लागतो, तीत बर्फ लागण्यापूर्वीच फोर-हाय टाकावे आणि कोरडे डांबर आले की काढावे, नाहीतर वळणावर गिअर आणि एक्सलवर ताण येतो.

उतार हीच खरी परीक्षा. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. इंजिनचा रोध चारही चाकांना मिळतो, हा फोर-व्हीलचा उतारावरचा खरा फायदा. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या तिप्पट-चौपट अंतर ठेवावे. स्टेअरिंग, ब्रेक, ॲक्सिलरेटर, काहीही झटक्याने करू नये. एबीएस असेल तर अडचणीच्या वेळी ब्रेक दाबून धरावा. पायाखाली थरथर जाणवते, ती एबीएसचे काम चालू असल्याची खूण आहे. घाबरून पाय उचलू नये.

आपल्याकडे रेडिएटरमध्ये नळाचे पाणी ओतण्याची जुनी खोड आहे. तिकडे ते रात्री गोठून इंजिनचा ब्लॉक फोडू शकते. कूलंट योग्य प्रमाणातच भरावे. कडाक्याच्या थंडीत हँडब्रेक गोठून बसतो, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा. मैदानातले डिझेल थंडीत दाट होते, म्हणून टाकी वर गेल्यावरच भरावी. टायरची हवा तेथे सकाळी, टायर थंड असताना पुन्हा मोजावी. आणि बर्फात अडकल्यास काचा बंद करून हीटर लावून झोपू नये. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकलेल्या वीसहून अधिक पर्यटकांचा अंत झाला. बर्फाने सायलेन्सर बुजला की विषारी वायू गाडीत शिरतो. त्याला वास नसतो.

आता धंद्याचे बोलू. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने पाठवली आणि वर काही घडले, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. दोन हजार किलोमीटरवरून गाडी उचलून आणण्याचा खर्च सबंध सीझनची कमाई खातो. आमच्या मते पनवेलच्या मालकाने बुकिंग जरूर घ्यावे, पण आपली गाडी मनालीपर्यंतच, काश्मीरच्या फेरीत गुलमर्गच्या खाली टंगमर्गपर्यंतच ठरवावी. पुढे बर्फ असेल तर चेन लावलेली स्थानिक गाडी करावी आणि तिचे भाडे बुकिंगच्या वेळीच गिऱ्हाईकाला लेखी सांगावे. ज्यांना स्वतःच वर जायचे आहे त्यांनी चेन विकत घेऊन एकदा येथेच, आपल्या अंगणात चढवून पाहावी. आमच्या चाचांनी ती पहिल्यांदा चढवली तेव्हा पाऊण तास लागला, आणि त्या दिवशी पनवेलला ऊन होते.