स्वमग्न मुलामुलींनाही तालीम हवी

मालेगाव हे यंत्रमागाचे गाव. दिवसपाळी-रातपाळीत माग चालतात. बीम उचलणे, गाठी वाहणे, हातगाडी ओढणे यावर कितीतरी घरांची चूल पेटते. अंगातल्या बळाची किंमत इथल्या कष्टकऱ्याला कोणी सांगायला नको. परंतु याच गावात अशीही घरे आहेत, जिथे पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी दिवसभर खोलीत बसून असते. हाक मारली तर पाहत नाही, मनातले नीट सांगता येत नाही, खडखडाट वाढला की कानांवर हात ठेवते. शेजारीपाजारी वेड म्हणतात, कोणी बाहेरची बाधा म्हणतो. हे वेड नव्हे आणि बाधा तर नव्हेच. ही स्वमग्नता आहे. डॉक्टर तिला ऑटिझम म्हणतात.

लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अशा ११ मुलांची नोंद प्रसिद्ध केली. आईची माया कमी पडली म्हणून मूल असे होते, असे पुढे काही तज्ज्ञही सांगत राहिले. तो समज साफ खोटा ठरला. लसीमुळे स्वमग्नता येते असे सुचवणारा १९९८ चा लेखही त्या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. ही मेंदूच्या वाढीतली जन्मापासूनची वेगळी ठेवण आहे. तेव्हा मातांनी दोष स्वतःकडे घेऊ नये आणि घामाचा पैसा गंडेदोऱ्यांवर उधळू नये.

खरी कसोटी मूल वयात आल्यावर लागते. लहानपणी हात धरून आवरता येणारे पोर आता आईपेक्षा उंच होते. रस्त्यावर बिथरले तर सावरत नाही, म्हणून घरचे त्याला बाहेर नेणेच बंद करतात. बसून बसून वजन वाढते. चिडचिडीवर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनीही भूक आणि वजन वाढते. त्यातच अनेक स्वमग्न मुलांचे स्नायू मुळात सैल असतात, तोल आणि हातापायांचा मेळ कमी असतो. मग जिना चढणे, पाण्याची बादली उचलणे, एसटीत चढणे यासाठीही दुसऱ्याचा आधार लागतो. आई-बाप थकल्यावर हे कोण करणार? म्हणून या मुलांना बळ हवे. दंडाच्या बेटकुळ्या दाखवण्यासाठी नव्हे, आपली बादली आपण उचलता यावी यासाठी!

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी, अपंगत्व असलेल्यांनीसुद्धा, रोज सरासरी ६० मिनिटे दमछाक होईल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम करावा. वजन उचलल्याने उंची खुंटते हा समज खरा नाही. जाणकाराच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेला व्यायाम वाढत्या मुलांना चालतो. व्यायामाने स्वमग्नता जात नाही, तसे सांगणारा फसवतो आहे असे समजावे. मात्र झोप, तोल आणि अस्वस्थ हालचाली यांत पुष्कळ मुलांना फरक पडल्याचे अभ्यासांत दिसले आहे.

आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण पाहा. मुंबईची जिया राय ही नौदलातील एका नाविकाची स्वमग्न मुलगी. फेब्रुवारी २०२१ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, ती वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेट वे ऑफ इंडियापर्यंत ३६ किलोमीटर पोहली. २०२२ साली तिला पंतप्रधान राष्ट्रीय बाल पुरस्कार मिळाला आणि जुलै २०२४ मध्ये सोळाव्या वर्षी तिने इंग्लिश खाडी पार केली. प्रत्येक मूल जिया होणार नाही, व्हायलाही नको. पण ‘याला काय जमणार?’ हा प्रश्न विचारण्यापूर्वी तिचे नाव आठवावे.

सुरुवात कशी करावी?

प्रथम डॉक्टरांना दाखवावे. स्वमग्न मुलांत फिट येण्याचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते, म्हणून हे टाळू नये. मग घरीच आरंभ करावा. खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर, जिन्याच्या पायऱ्या. पुढे पाण्याच्या बाटल्या घ्याव्यात. एक लिटरची भरलेली बाटली म्हणजे साधारण एक किलोचे वजन. एका वेळी ८ ते १२ वेळा, मध्ये विसावा, पुन्हा तेवढेच. शेवटी आणखी दोन वेळा जमेल इतके बळ शिल्लक राहावे. आठवड्यातून दोन-तीन दिवस, एक दिवसाआड पुरे.

व्यायामांचा क्रम रोज तोच ठेवावा. प्रत्येक व्यायामाचे चित्र कागदावर काढून भिंतीला लावावे, झाला की त्यावर खूण करू द्यावी. किती उरले हे दिसले की मूल शांत राहते. नवा व्यायाम एका वेळी एकच वाढवावा. दुखले तरी ही मुले बऱ्याचदा सांगत नाहीत, तेव्हा चेहरा आणि चाल पाहत राहावे. पावडरी आणि इंजेक्शनांच्या वाटेला जाऊ नये. डाळ, मटकी, शेंगदाणे, अंडी, सुकट हेच आपले खाणे चांगले.

तालमीचे उस्ताद आणि जिमचालक यांनाही विनंती आहे. अशा मुलाला दुपारच्या कमी गर्दीच्या वेळी बोलवा. गाणी बंद ठेवा. लांबलचक सांगण्यापेक्षा करून दाखवा. न विचारता अंगाला हात लावू नका. त्याने कान झाकले तर रागावू नका, पाच मिनिटे बाहेर बसू द्या.

कायदाही पाठीशी आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत ते आले. त्याच्या कलम ३० नुसार दिव्यांगांचा खेळांतील सहभाग पाहणे ही सरकारची जबाबदारी आहे. ॲट्रॉसिटी कायदा आपल्या वाचकांना ठाऊक आहे. तशाच रीतीने, लोकांदेखत दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्यास कलम ९२ खाली ६ महिने ते ५ वर्षे कैद होऊ शकते. प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढून घ्यावे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमाही आहे.

माता-पित्यांनो, मूल लपवू नका. या आठवड्यात वस्तीजवळच्या तालमीत एकदा स्वतः जाऊन या, शांत वेळ कोणती ते विचारा. दुसऱ्या दिवशी मुलाला नुसते दार दाखवून आणा. तिसऱ्या दिवशी आत न्या. शेजाऱ्यांनी नावे ठेवण्याऐवजी त्याच्यासोबत दहा बैठका माराव्यात. त्यालाही सोबत हवी असते.