लेखांक सातवा : निसटलेला कैदी आणि प्रेक्षकाचे कान

रोबेर ब्रेसाँ या फ्रेंच दिग्दर्शकाच्या 1956 सालच्या चित्रपटाचे नावच असे आहे की, देहान्ताची शिक्षा झालेला एक कैदी निसटला, ही बातमी प्रेक्षकाला खुर्चीवर बसण्यापूर्वीच कळून चुकते. आणि कैदी स्वतःच आपली हकिकत भूतकाळात सांगत असल्यामुळे तो जगला-वाचला याविषयीही संदेह उरत नाही. असे असूनही अखेरच्या अर्ध्या तासात प्रेक्षक श्वास रोखून का बसतो, हा या लेखांकाचा विषय.

चित्रपटाला आधार आहे तो आंद्रे दव्हिन्यी या फ्रेंच अधिकाऱ्याच्या जबानीचा. जर्मन अंमलाखालील लियों शहरातील मोंल्यूकच्या तुरुंगातून त्याने ऑगस्ट 1943 मध्ये खरोखरच पलायन केले होते. ब्रेसाँ यांनीही युद्धकाळात जर्मनांची कैद भोगली होती. त्यांनी धंदेवाईक नटांना दूर ठेवले आणि फोंतेन या नायकाच्या भूमिकेसाठी फ्रान्स्वा लतेरिये नावाचा, तत्त्वज्ञानाचे अध्ययन करणारा तरुण निवडला. त्याच्या चेहऱ्यावर शोक वा त्वेष यांचे प्रदर्शन जवळजवळ नाही, म्हणून हा चित्रपट शुष्क आहे असे म्हणणारे रसिक भेटतात. त्यांचे मत मला मुळीच मान्य नाही. चेहरा बोलत नाही म्हणूनच आपली दृष्टी हातांकडे वळते, आणि या चित्रपटातील सारे नाट्य हातांत साठवलेले आहे.

कोठडीचे दार घ्या. ओकच्या भक्कम फळ्या, परंतु त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या मऊ लाकडाच्या, ही उणीव फोंतेन हेरतो. जेवणासोबत आलेला लोखंडी चमचा लपवून ठेवतो, त्याचा दांडा जमिनीवर घासघासून पटाशी तयार करतो आणि रोज थोडे थोडे लाकूड खरवडत जातो. दाराबाहेर पडलेला भुसा केरसुणीच्या काडीने आत ओढून घ्यावा लागतो. फटी पुन्हा बुजवाव्या लागतात, कारण झडती केव्हा होईल याचा नेम नाही. पुढे खाटेची तार आणि कापडाच्या चिंध्या यांचे दोर वळले जातात, दिव्याच्या चौकटीतून आकडे घडवले जातात. हे आकडे हवेत, हे त्याला कळते ते ओर्सिनी या सहकैद्याच्या फसलेल्या प्रयत्नामुळे. ओर्सिनी गोळीला बळी पडतो, पण जाण्यापूर्वी आपल्या अपयशाचे कारण सांगून जातो, आणि एकाच्या मरणातून दुसऱ्याच्या सुटकेची तजवीज होते, हे ब्रेसाँ अश्रूंचा एक थेंबही न मागता आपल्या मनावर ठसवतात.

परंतु खरा चमत्कार ध्वनीचा आहे. तुरुंगाची समग्र इमारत आपल्याला कधीच नीट दिसत नाही. ती आपण कानांनी रचतो. जिन्याच्या कठड्यावर आपटत येणारी पहारेकऱ्याची किल्ली, भिंतीवरची टकटक, दूरची आगगाडी, आवारातील बंदुकांचा बार, एवढ्यावरून अंतर, वेळ आणि धोका यांचा हिशेब आपण फोंतेनच्या बरोबरीने मांडू लागतो. छपरावरील खडीवर पाऊल टाकायचे ते आगगाडीच्या घरघरीत. दोन तटांमधून येणारी करकर कशाची हे त्याला कळत नाही, तोवर आपल्यालाही कळत नाही, आणि मग सायकलवरून फेऱ्या घालणारा शिपाई दिसतो. शिपायाची हत्या तर कोपऱ्याआड होते. कॅमेरा भिंतीपाशीच थांबतो. मोत्सार्टच्या 'सी मायनर' प्रार्थनासंगीताचे सूर मोजक्याच ठिकाणी येतात, आणि तेही बहुधा कैदी मळाच्या बादल्या रिकाम्या करायला आवारात निघाले असता. इतक्या हीन कामावर इतके उदात्त संगीत योजण्याचे धैर्य फार थोड्यांजवळ असते.

अखेरीस शिक्षेचा हुकूम होतो आणि त्याच वेळी कोठडीत जोस्त नावाचा पोरगा आणून टाकला जातो. तो हेर असेल तर त्याला ठार करावे, नसेल तर सोबत न्यावे, हा निर्णय फोंतेनला एकट्याने घ्यावा लागतो. तो विश्वास टाकतो; आणि पुढे एका उंच भिंतीपाशी कळते की तो एकटा असता तर ती त्याला ओलांडता आली नसती.

ब्रेसाँ यांना 1957 साली कान महोत्सवात या चित्रपटासाठी उत्कृष्ट दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. पुढील लेखांकात झाक बेकेर यांचा 1960 सालचा तुरुंगपट 'ल त्रू' विचारार्थ घेऊ. तत्पूर्वी वाचकांनी ब्रेसाँ यांचा चित्रपट दोनदा पाहावा, आणि दुसऱ्या वेळी किमान पलायनाचा भाग तरी डोळे मिटून ऐकावा.